केर कुणी भरायचा?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या घरी एक भांडण होते. ते दर वर्षी होते, नेमाने होते, आणि त्याचा विषयही ठरलेला असतो. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, भिंतींवरची जळमटे निघतात, आणि मग मोर्चा माझ्या पुस्तकांच्या कपाटांकडे वळतो. हिच्या मते पुस्तकांवर धूळ असते. माझ्या मते नसते. आणि असलीच तर ती जुनी असते, तिने कुणाचे काय बिघडवले आहे? लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण दोघांपैकी एकानेही आपले मत बदललेले नाही.

संपादकांनी टीकालेख मागितला आणि या गृहस्थाने घरचे गाऱ्हाणे पाठवले, असे कुणाला वाटण्यापूर्वी सांगून टाकतो की मला लिहायचे आहे ते साहित्याविषयीच. मी तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले. जी पुस्तके मी वर्षानुवर्षे समजावून सांगितली, त्यांतली काही मला स्वतःला नीट कळलीच नव्हती, हे ध्यानात आले ते गेल्या वर्षी, आणि तेही केरसुणीमुळे. म्हणून आधी केरसुणीची हकीकत सांगणे भाग आहे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ही स्टुलावर चढून जळमटे काढत होती. पाय घसरला आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. धुण्याभांड्याच्या मावशी चार दिवस येणार नव्हत्या. त्यांच्याही घरी दिवाळी होतीच. केरसुणी माझ्या हाती आली. मी मोठ्या उत्साहाने सारे घर झाडून काढले आणि पलंगावर बसलेल्या हिच्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिले. ही म्हणाली, "अहो, दाराच्या मागे पाहिलंत का?" पाहिले. काही दिसले नाही. "आणि पलंगाखाली?" वाकून पाहिले. तिथेही मला काही दिसले नाही. मला वाटले, ही उगीच छळते आहे. हिला वाटले, मी आंधळ्याचे सोंग घेतो आहे. दोघांचेही चुकत होते. मला खरोखरच दिसत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात मात्र नवल घडले. सकाळी चहा घेत बसलो असता खिडकीतून आलेल्या उन्हात फरशीवरचे केस, पोळीचा चुरा, कोपऱ्यातली धुळीची गोळी, सारे मला दिसू लागले. कुणी सांगावे लागले नाही. आणि मुलगा चपला घालून तसाच आत आला तेव्हा मी त्याच्यावर जो ओरडलो, त्यातला शब्दन् शब्द हिचा होता. ही पलंगावर बसून हसत होती.

केर दिसणे हा डोळ्यांचा गुण नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. ज्याच्या हाती केरसुणी असते त्याला केर दिसतो. नवराबायकोत स्वच्छतेवरून जे खटके उडतात त्यांना आपण स्वभावभेद म्हणतो. तिला टापटीप लागते, त्याला कसेही चालते, असे म्हणून मोकळे होतो. परंतु हा स्वभाव बहुतेक वेळा कामाच्या वाटणीतून घडलेला असतो. एकाला दिसते म्हणून तो करतो, करतो म्हणून त्याला आणखी दिसते. दुसरा करत नाही म्हणून त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून करत नाही. या रहाटगाडग्यात आयुष्ये निघून जातात.

भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या चोवीस तासांची मोजदाद केली. सहा वर्षांवरील स्त्रियांत शंभरातल्या ८१ जणी दिवसात काही ना काही घरकाम करतात, पुरुषांत २६ जण. जे करतात त्यांतही स्त्रियांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. आकडे बोलके आहेत. पण मिनिटे मोजता येतात ती हात हलत असतानाची. दाराच्या मागे केर आहे, तांदूळ संपत आले आहेत, उद्या पाणी येणार नाही, हे ध्यानात ठेवण्याची मिनिटे कोण मोजणार? माझ्या मते ते काम साहित्याचे आहे. आणि म्हणून विचारावेसे वाटते की आपल्या मराठी साहित्याने ते कितपत केले?

घरकाम आपल्या साहित्यात काही थोडे नाही. जात्यावरच्या ओव्या हा तर त्याचा पायाच. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये त्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. परंतु या ओव्यांत जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागतो तो जावेचा, नणंदेचा, शेजारणीचा. नवरा ओवीत येतो तो कौतुकाचा किंवा तक्रारीचा विषय म्हणून. दळायला तो येत नाही. माझ्या आठवणीत आपल्या जुन्या कवितेत बाईच्या बरोबरीने केरवारे करणारा पुरुष एकच आहे, आणि तो पंढरपूरचा विठोबा आहे.

जनाबाईंच्या नावावरचे ते अभंग सर्वांना ठाऊक आहेत. जनी झाडलोट करते आणि देव केर भरतो. पाटी डोक्यावर घेऊन लांब नेऊन टाकतो. दुसऱ्या एका अभंगात साळी सडायची आहे, तर देव आधी पुढे जाऊन उखळ झाडून ठेवतो. कांडता कांडता दमतो, घामाने पितांबर भिजतो, कोंडा पाखडतो, हाताला फोड येतो, तेव्हा जनीच त्याला मुसळ सोडायला सांगते. तीस वर्षे हे अभंग मी 'भक्तवात्सल्य' या एका शब्दात गुंडाळले. परीक्षेत तो शब्द लिहिणाऱ्या मुलांना गुणही दिले.

केरसुणी हाती धरल्यावर त्याच अभंगांत मला दुसरेच काही दिसू लागले. कामाची वाटणी किती नेमकी आहे पाहा. झाडणे हे त्यातल्या त्यात बरे काम. केर भरून डोक्यावरून वाहून नेणे हे नकोसे काम. देव नकोसे काम उचलतो. आणि उखळाची गोष्ट त्याहून मोठी आहे. सडायला बसण्यापूर्वी उखळ स्वच्छ हवे, हे कुणीतरी आधी ध्यानात घ्यावे लागते. देवाला ते कुणी सांगितलेले नाही. "काही मदत करू का?" असे तो विचारत नाही. त्याला उखळ दिसते. घरकामातली सर्वांत अवघड गोष्ट जनाबाईंनी एका ओळीत देवाकडून करवून घेतली आहे. हाताचा फोडही वाया गेलेला नाही. फोडावरूनच कळते की हे काम दाखवण्यापुरते नव्हते.

पण स्तुती करताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. केर भरण्याच्या त्याच अभंगात देवाने केलेल्या कामाला नीच काम म्हटले आहे, आणि शेवटी जनी विठोबाला विचारते की तुझे हे ऋण मी कसे फेडू? मला हा प्रश्न आता फार बोचतो. देवाने एक पाटी वाहिली तर तिचे ऋण झाले. जनीने जन्मभर नामदेवांच्या घरी जे उपसले, त्याचे उतराई कसे व्हावे, हे कुणी विचारले काय? ती दासी होती, त्यामुळे तिचे काम तिच्या नावे जमा धरलेच जात नव्हते. आजही घरोघरी हाच हिशेब आहे. नवऱ्याने चहाचे कप विसळले की ती 'मदत' होते आणि पाहुण्यांसमोर तिचा उल्लेख होतो. बायकोने घासलेल्या भांड्यांचा डोंगर कुणाच्या स्मरणात नसतो. 'मदत' हा शब्द ऐकायला गोड आहे. पण काम मुळात कुणाचे, याचा निकाल तो आधीच लावून टाकतो.

एवढ्या मोठ्या सुरुवातीनंतर आपल्या विनोदी साहित्याने काय केले? १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून दिवाळी अंक ही आपल्या फराळाचीच एक वस्तू झाली आहे, आणि त्यात एक पदार्थ हमखास असतो: बायको माहेरी जाते, नवरा स्वयंपाकघरात शिरतो, दूध उतू जाते, भात करपतो, शेजारीण नाक दाबून डोकावते. लहानपणापासून मी या कथांना पोट धरून हसत आलो, आणि अजूनही हसतो. परंतु त्यांचा शेवट एकदा तपासून पाहावा. बायको परत येते, पदर खोचते आणि सारे पूर्ववत होते. पुरुषाला घरकाम जमत नाही, हा विनोद वरवर पुरुषावर असतो, पण त्याचा फायदाही पुरुषालाच होतो. ज्याचे हसे झाले तो सुटला. जी हसली तिच्या हाती पुन्हा झारा आला. चौथ्या दिवशी नवऱ्याला भात जमला आणि बायको आली तरी तो चुलीपाशीच राहिला, अशी विनोदी कथा माझ्या वाचनात आलेली नाही. कुणी लिहिली असेल तर तिला मी आनंदाने दाद देईन.

स्वच्छतेच्या मापाविषयी मात्र मराठीत एक थोर पुस्तक आहे, ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग निघाले. पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या मनात शिवाशिवीचे वेड शिरले आणि साऱ्या घराच्या मानगुटीवर बसले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येणे नाही. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, आणि म्हणूनच ते अधिक अंगावर येते. त्या वेडाचा भार वाहिला तो आईने आणि मुलांनी. स्वच्छतेचे माप ठरवणारा एक आणि त्या मापाने राबणारे दुसरे, हे या प्रकरणाइतके स्पष्ट मला कुठे वाचायला मिळालेले नाही. बायकाच स्वच्छतेच्या वेडाने घराला छळतात असे जे सर्रास म्हटले जाते, त्याला हे परस्पर उत्तर आहे.

पुढे त्याच लक्ष्मीबाईंवर वेगळा प्रसंग आला. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ताटातूट झाली. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही काही काळ लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे वेगळे जपले. नवऱ्याचा धर्म एक, बायकोचा दुसरा; आणि तंटा प्रार्थनेवरून होण्याआधी पाण्यावरून आणि स्वयंपाकावरून व्हायचा, अशी ती परिस्थिती. हळूहळू, स्वतःशी झगडून, हे भेद माणसांनी केलेले आहेत अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी ते टाकले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला इथे धर्माविषयी बोलायचे नाही. एका माणसाच्या अंगी रुजलेले शुद्धतेचे माप बदलायला किती वेळ आणि किती धीर लागतो, हे या पुस्तकात दिसते. पूर्वीचे सोवळे आता आपल्या घरांतून बहुतेक गेले. पण मी पुसलेला ओटा ही पुन्हा पुसते, तेव्हा मला त्या सोवळ्याची आठवण होते. तिला माझा ओटा मळका वाटतो की माझ्या हातचा वाटतो, हे मी विचारलेले नाही.

दुसऱ्या एका विख्यात संसाराचे पुस्तक १९९० साली आले: सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी'. महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाच्या पत्नीने संसाराचा हिशेब असा चारचौघांत मांडावा, याचा त्या वेळी अनेकांना राग आला होता. मीही रागावलेल्यांत होतो, हे कबूल करतो. इतका हसवणारा नवरा मिळाल्यावर घरातल्या बारीकसारीक गोष्टींचे काय एवढे, असे मी वर्गात म्हणालो होतो. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, बारीकसारीक गोष्टी कुणीतरी केल्या म्हणूनच ते हसवू शकले ना?" मी विषय बदलला. आता पुस्तक पुन्हा वाचताना मला त्यातला दोषही दिसतो. सुनीताबाईंचे माप कडक आहे, आणि ते आपणच स्वतःवर लादले आहे हे त्या जाणतात; तरी ते सैल करून पाहण्याची कल्पना त्यांना फारशी मानवत नाही. पण त्या प्रामाणिक आहेत. प्रेम आणि तक्रार एकाच वाक्यात नांदू शकतात, हे त्यांनी मराठी वाचकाला दाखवले, आणि आमच्यासारख्यांच्या रागाचे कारणही बहुधा तेच होते.

येथवर जी घरे आली ती बहुतेक पांढरपेशी. केरसुणीची सारी गोष्ट तेवढ्यात मावत नाही. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मकथनात, शाळेतला एक प्रसंग आहे. आवारात पडलेले शेण काढायला गुरुजी नेमके या मुलीला सांगतात, नकार मिळताच थप्पड मारतात, आणि मग तिची आई गुरुजींना जाब विचारते. घाण कुणी काढायची, हा प्रश्न त्या मुलीपुढे नवराबायकोच्या किती तरी आधी, जातीच्या तोंडून आला. आणि मोठी झाल्यावर तीच लेखिका सांगते की तिच्या शिक्षणाला आणि बाहेरच्या कामाला नवऱ्याची अट हीच, की आधी घरचे सारे आवरलेले हवे. एकच बाई दोन्हीकडून केराशी बांधली गेली. पांढरपेशी लेखिकांच्या संसारचित्रांत जी गोष्ट कोपऱ्यात राहते, ती या पुस्तकाने मधोमध आणून ठेवली.

'आयदान' वाचून मी आमच्या घराकडे पाहिले तेव्हा थोडा वरमलो. नवराबायकोतली वाटणी आम्ही मध्यमवर्गीयांनी बऱ्याच वेळा सोडवली ती अशी, की भांडण दोघांचे आणि भांडी तिसरीच्या हाती. मावशींच्या रजेच्या चार दिवसांत माझी जी तारांबळ उडाली, तिच्यावरून त्यांच्या कामाची किंमत मला कळली. त्या परत आल्या तेव्हा मी पहिल्यांदा विचारले, "मावशी, तुमच्या घरचा केर कोण काढतं?" त्या म्हणाल्या, "आणि कोण काढणार? इथून गेल्यावर मीच." जनाबाईंच्या अभंगातली दासी आजही कामावर आहे, पाटी उचलायला देव तेवढा आलेला नाही.

मग या साऱ्या वाचनातून हाती काय लागले? वाटणी समसमान करा, एवढे सांगायला टीकाकाराची गरज नाही. ते घरोघरी शहाणी माणसे सांगतच असतात. मला एवढेच म्हणायचे आहे की वाटून घ्यायची गोष्ट कामाच्या आधी सुरू होते. जो कामाकडे पाहण्याची जबाबदारी घेत नाही, त्याने कितीही कामे केली तरी तो सांगकाम्याच राहतो, आणि सांगण्याचे काम दुसऱ्याच्या डोक्यावर तसेच राहते. उलट, ज्याने माप ठरवायचे त्याने ते थोडे सैलही सोडले पाहिजे. मी घातलेल्या चादरीच्या घड्या हिच्या घड्यांसारख्या नसतात. त्या उलगडून पुन्हा घातल्या गेल्या की माझा हात पुढच्या वेळी आपोआप मागे राहतो. विठोबाने सडलेली साळी जनीने पुन्हा सडली, असे कोणत्याही अभंगात नाही. हिने हे वाक्य वाचले आहे, आणि "तुम्ही विठोबा नाही" असा त्यावर शेरा दिला आहे. तो मला मान्य आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, आणि पाडव्याला ओवाळणीच्या ताटात काही घालून मोकळे होतो. ज्या वस्तूला एक संध्याकाळ लक्ष्मी म्हणायचे, तिला हात लावणे उरलेले वर्षभर हलके मानायचे, ही आपली रीत आहे. ती रीत बदलेल तेव्हा बदलेल.

हा लेख पुरा करण्यापूर्वी, श्रावण सरता सरता, मी एक दिवस कुणी न सांगता पुस्तकांचे मोठे कपाट रिकामे केले आणि फडके घेऊन बसलो. धूळ होती. जुनी होती, पण होती. दुपारी ही आली, फळीवरून बोट फिरवून पाहिले, आणि म्हणाली, "वरचा कप्पा राहिला." मी स्टूल ओढले. मी वर चढलो आणि हिने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले.